पायाखालचं लाकूड : पाणी, तेल आणि पॉलिश

वळसंगात घर पुसायचं म्हणजे शहाबादी पुसायची. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की लागणारं हे गाव. शहाबादच्या खाणी सोलापूरच्याच लोहमार्गावर पुढे, त्यामुळे ओसरीपासून न्हाणीपर्यंत तोच करडा दगड. बादलीभर पाणी ओतायचं, खराट्याने ढकलायचं, उन्हाने वाळू द्यायचं. दगडाची काही तक्रार नसते.

अशा मुलखात लाकडी जमिनीची निगा हा विषय कुणाला परका वाटेल. पण तो तीन वाटांनी घरात आला आहे. जुन्या घरांच्या माड्या आणि माळे अजून फळ्यांवर उभे आहेत. सोलापूर-पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एका तरी खोलीत ‘वूडन फ्लोअरिंग’ असतं. आणि मुलीकडे किंवा मुलाकडे सहा महिने न्यू जर्सीला गेलेल्या आईला पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं, “आई, इथे पाणी टाकून पुसायचं नाही हं.” तिन्ही ठिकाणी वाद तेच आहेत: पाणी लावावं की नाही, तेल चोळावं की पॉलिश चढवावं, जुनं घासून नवं करावं की तसंच राखावं, आणि वाळवीचं काय. या चार वादांत आज कोण काय म्हणतं, कुठे एकमत झालं आहे आणि कुठे नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : खण, तक्ते आणि वरची माती

आपल्याकडे लाकडी जमीन नव्हती असं नाही, ती झाकलेली होती. सोलापूर-मराठवाड्याच्या माळवदाच्या घरात खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर तक्ते. त्या तक्त्यांवर पालापाचोळा, मग हातभर माती आणि वरून पाणी न मुरणारी पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं हे चौरस फुटांत कुणी सांगत नसे, “सात खणी घर” म्हटलं की समजे. माडी असेल तर तिची जमीनही याच पद्धतीची, फक्त वर सारवण. भार लाकूड घेई आणि पाय मातीवर पडत. उघड्या फळ्या दिसत त्या बहुधा धान्याच्या माळ्यावर.

म्हणून लाकडाची वेगळी निगा अशी नव्हतीच. सारवण वेळेवर करा, माळवदाला दर उन्हाळ्यात नवी माती द्या, धूर होऊ द्या, एवढ्यावर भागत असे. पुण्यात विश्रामबागवाड्यासारख्या पेशवाईअखेरच्या वास्तूंत सागवानी काम मोठं आहे, पण तिथेही लाकूड वाचलं ते मुख्यतः छपरामुळे.

उघड्या लाकडी जमिनीवर रोजचं मराठी जगणं खऱ्या अर्थाने घडलं ते मुंबईच्या चाळींत. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींचा सांगाडा सागवानी. जिने, गॅलऱ्या, मजले लाकडाचे. त्याच मजल्यावर कोपऱ्यात मोरी. मोरीचं पाणी फरशीच्या सांध्यातून झिरपून तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापर्यंत पोचे. वरून फळी धडधाकट आणि आतून टोक भुसभुशीत, ही चाळीच्या दुरुस्तीची जुनी कहाणी. 1969 च्या कायद्याने मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आलं. तेव्हापासून अशा दुरुस्त्यांत कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर टाकणं रुळलं.

आपल्या भागात वळण लागलं ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन. अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी खणाचा लाकडी सांगाडा उभा राहिलेला पाहणाऱ्यांनी नोंदवला. पण भीती बसली ती सगळ्या माळवदाची. घरं उतरवली गेली, स्लॅब आले, पत्रे आले आणि तुळया-तक्ते जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. त्यांतलंच सागवान आज कापून, रंधून, शहरातल्या दिवाणखान्यात ‘अँटिक’ जमीन म्हणून परत येतं. लाकूड टिकलं, पण त्यावरची माती गेली. निगेचा प्रश्न नव्याने उभा राहिला तो त्यामुळे.

आधी पायाखाली काय आहे ते पाहा

वाद अर्धे मिटतात ते इथेच, कारण ‘लाकडी जमीन’ या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, अखंड फळी: सागवान, बाभूळ, परदेशात ओक किंवा मेपल. फळी साधारण 18-20 मिलिमीटर जाड असते आणि नर-मादी सांध्याने जोडलेली. दुसरी, इंजिनिअर्ड: खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. तो कधी अर्धा मिलिमीटर तर कधी सहा मिलिमीटर असतो, आणि तिचं आयुष्य त्या आकड्यावर ठरतं. तिसरी, लॅमिनेट: दाबलेल्या लाकूडभुशाच्या पाटावर लाकडाचं छापील चित्र आणि वर मेलामाइनचा पारदर्शक थर. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने 1970 च्या दशकाच्या अखेरीस हे आणलं, पुढे ‘पर्गो’ नावाने ते जगभर गेलं. चौथी, लाकडाचं नुसतं चित्र असलेली विनाइलची पट्टी किंवा टाइल.

पुण्यामुंबईत ‘वूडन’ म्हणून घातलेली जमीन पुष्कळदा तिसरी किंवा चौथी असते. ओळखायचं कसं? दाराच्या उंबऱ्याशी किंवा स्कर्टिंगखाली पट्टीची कड दिसते तिथे बघा. खऱ्या फळीच्या रेषा कडेतही उतरतात. छापील पट्टीची कड तपकिरी पुठ्ठ्यासारखी दिसते. दुसरी खूण: एकाच खोलीत हुबेहूब तीच गाठ चार ठिकाणी दिसली तर ते छापील चित्र आहे. लॅमिनेटला तेल पाजणं आणि खऱ्या फळीला लॅमिनेटसारखं वागवणं, दोन्ही पैसे वाया घालवणं.

एकमत : लाकूड हलतं

कापून दीडशे वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांवर स्थिरावली तर लाकडातली ओल सुमारे 6 टक्क्यांवर येते. आर्द्रता 80 टक्के झाली तर 16 च्या आसपास जाते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. सागवान यात सर्वांत शहाण्या लाकडांपैकी. हिरवं लाकूड भट्टीत पूर्ण वाळवलं तर वर्तुळांच्या दिशेने ते 6 टक्क्यांहून थोडं कमी आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने त्याच्या निम्म्याहूनही कमी.

हे आकडे सोलापूरच्या हवेत ठेवून पाहू. चैत्र-वैशाखात दुपारी हवा कोरडी ठणठणीत, श्रावणात दमट. समजा, सागवानाची 10 सेंटिमीटर रुंद फळी पावसाळ्यात 14 टक्के ओलीची होती आणि उन्हाळ्यात 8 वर आली. हिशेबाने ती मिलिमीटरभर, किंचित जास्तच, आकसेल. तीन मीटरच्या खोलीत अशा तीस फळ्या. म्हणजे मे महिन्यात प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभराची फट पडणार आणि ऑगस्टमध्ये ती आपोआप मिटणार. ही फट म्हणजे बिघाड नव्हे. उलट मे महिन्यात कुणी तिच्यात लांबी ठासून भरली तर श्रावणात फुगायला जागा न उरल्याने फळ्या एकमेकींना ढकलून उचलतात. भिंतीलगत स्कर्टिंगखाली बोटभर मोकळी जागा सोडतात ती याचसाठी. याबद्दल कुठल्याही पंथाच्या जाणकारांत दुमत नाही.

पहिला वाद : पाणी

एक बाजू म्हणते, पाण्याचा थेंबही नको. कोरडा मऊ झाडू, व्हॅक्यूम, फार तर सुका मॉप. कारण पाणी वरून नव्हे, सांध्यातून आत जातं. फळीचा तळ ओला आणि माथा कोरडा राहिला की कडा वर येऊन फळी पन्हळीसारखी होते. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी शिरलं तर भुशाचा पाट फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

दुसरी बाजू म्हणते, घट्ट पिळलेलं फडकं चालतं. प्रश्न किती पाणी याचा आहे. या बाजूकडे जुने दाखले आहेत. जपानी शाळांत मुलं लाकडी जमिनी पिळलेल्या फडक्याने पुसत आली आहेत. तिथल्या घरांत तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी लाकडावर घासून चमक आणायची रीतही होती. डेन्मार्कमध्ये उघड्या फळ्या साबणाच्या पाण्यानेच धुतात. त्या लाकडावर पॉलिशचा पडदा नसतो, म्हणून आत गेलेली ओल तितक्याच सहज बाहेर पडते.

तिसरी बाजू आपल्या रोजच्या सवयीची. भरपूर पाणी, त्यात फिनेल, फडकं अर्धवट पिळलेलं आणि पंखा बंद. हिची बाजू कुणी लिहून मांडत नाही, पण घराघरात चालतं ते हेच. तिच्या मागेही कारण आहे. आपल्याकडे धूळ बारीक, खिडक्या उघड्या, पाय अनवाणी, आणि ओल्या फडक्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. लाकडावर वाळूचा कण हा पाण्याइतकाच शत्रू आहे, त्यामुळे धूळ काढण्याचा आग्रह चुकीचा नाही.

तिन्ही बाजू जुळतात ती जागा अशी: आधी कोरडं झाडणं, मग हात ओला वाटेल पण थेंब पडणार नाही इतकं पिळलेलं फडकं, फळीच्या रेषेनुसार, आणि लगेच पंखा. जमीन दोन मिनिटांत सुकली नाही तर पाणी जास्त झालं. वाफेचा मॉप मात्र खऱ्या लाकडावर बहुतेक उत्पादक नाकारतात, कारण उष्ण वाफ सांध्यात जोराने शिरते. व्हिनेगरबद्दल मतं दुभंगलेली आहेत. घरगुती सल्ल्यांत ते हटकून असतं; पॉलिशवाले म्हणतात, आम्लाने वरचा थर हळूहळू निस्तेज होतो.

दुसरा वाद : तेल की पॉलिश

जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर खातात. त्याच जवसाचं तेल जगभर लाकडाला पाजतात. जवस तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल तसं घट्ट होत नाही, चिकट राहून धूळ धरतं. माळ्याच्या फळ्यांना घाण्याचं शेंगतेल चोळण्याची हौस म्हणून अंगाशी येते. आपल्या रब्बीतल्या करडईच्या तेलात सुकण्याचा गुण आहे आणि ते कमी पिवळं पडतं, म्हणून रंगधंद्यात त्याला स्थान आहे. पण जमिनीसाठी ते कच्चं वापरलं तर सुकायला फार वेळ लागतो.

तेलाच्या बाजूचं म्हणणं: तेल लाकडात मुरतं, फळीचा श्वास कोंडत नाही, आणि ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येतं. सुताराला बोलवायलाही नको. तेलात मेण मिसळलेले नवे प्रकार यातलेच. उणीव अशी की ते वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं आणि पाणी-डागांपासून मध्यमच संरक्षण मिळतं. शिवाय एक धोका आहे. जवस तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. काम झालं की ती पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवावी.

पॉलिशमध्येही पिढ्या आहेत. लाखेचं फ्रेंच पॉलिश देखणं, पण गरम भांडं किंवा पाण्याचा थेंब पडला की पांढरा ठसा. जमिनीपेक्षा ते कपाटाला बरं. आज जमिनीवर राज्य आहे ते पॉलियुरेथेनचं, ज्याला सगळे ‘पीयू’ म्हणतात. त्याची बाजू भक्कम आहे: कडक पडदा, अनेक वर्षं टिकाव, फोडणीचं तेल उडालं तरी पुसून निघतं. विरोधकांचा मुद्दाही खरा आहे. पडदा एकदा तडकला की ओल त्याखाली अडकते आणि डाग काळा होतो. एका फळीची दुरुस्ती दिसून येते, म्हणून पुष्कळदा सगळी खोली घासावी लागते. सागवान मुळात तेलकट, त्यामुळे सॉल्व्हंटने पुसून न घेता पीयू चढवला तर तो सोलपटासारखा सुटतो.

दोन डाग जवळून पाहण्यासारखे आहेत. बाभळीच्या फळीवर ओलं लोखंडी घमेलं रात्रभर राहिलं तर सकाळी शाईसारखं काळं वर्तुळ उमटतं. तो मळ नव्हे. बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटून झालेली ती खरोखरची शाई, आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने ती उतरते. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे हवेतच. उलट हळदीच्या डागाला काही लावायची घाई करू नये. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीचं ऊन पोचत असेल तर तो काही दिवसांत फिकट होतो.

तिसरा वाद : घासून नवं की जुनं तसंच

यंत्राने घासणारे म्हणतात, वरचा मिलिमीटरभर थर काढला की शंभर वर्षांची फळी नव्यासारखी होते. जाड दाण्याच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून बारीक दाण्यावर यायचं. अखंड फळीला हे सांध्याच्या जिभेपर्यंतच्या जाडीत काही वेळा परवडतं; पातळ पापुद्र्याच्या इंजिनिअर्ड पट्टीला एकदाही नाही, लॅमिनेटला तर कधीच नाही.

वारसा जपणारे उलट बाजूचे. आंतरराष्ट्रीय संस्था इकोमॉसने ऐतिहासिक लाकडी वास्तूंसाठी 1999 मध्ये मेक्सिकोत तत्त्वं स्वीकारली आणि 2017 मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात ती नव्याने मांडली. त्यांचा गाभा असा की हस्तक्षेप कमीत कमी असावा, शक्यतो मागे घेता यावा, आणि मूळ लाकूड व त्यावरच्या हत्याराच्या खुणा राखाव्यात. वाड्याच्या फळीवरचे वाकसाचे घाव घासले गेले तर फळी उरते, इतिहास जातो. राहत्या घराला हे जसंच्या तसं लागू करावं का, यावर मात्र या गोटातही ताण आहे, कारण अनवाणी पायाला कूस लागते ती रोज.

दोन गोष्टी दोघांनाही मान्य आहेत. ओलीमुळे पन्हळलेली फळी लगेच घासायची नाही; तशी घासली तर ती वाळल्यावर मधोमध उंचवटा उरतो. आणि लाकडाच्या भुशाला हलकं समजायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकूडधुळीला निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं आहे. घासणाऱ्या कारागिराला मास्क देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे.

चौथा वाद : वाळवी

आधी दोन किडे वेगळे करायला हवेत. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या नळीतून चढते आणि तिला ओल लागते. भुंगेऱ्याच्या अळ्या कोरड्या लाकडात राहतात आणि टाचणीएवढ्या भोकांतून पिठासारखी भुकटी गळते. सागवानाचा गाभा दोन्हींना सहसा दाद देत नाही. कडेचा फिकट भाग मात्र कोणत्याही झाडाचा खाल्ला जातो.

रसायनांची बाजू नियमबद्ध आहे. वाळवी प्रतिबंधासाठी आयएस 6313 हे भारतीय मानक आहे आणि त्याचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठी. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडायचं, ही सर्वपरिचित पद्धत त्यातलीच. दुसरी बाजू बोरॅक्स-बोरिक आम्ल पसंत करते. ते माणसाला तुलनेने सौम्य, पण पाण्याने धुऊन जातं, म्हणून आतल्या कोरड्या लाकडालाच उपयोगी. तिसरी बाजू कडुलिंबाचं तेल आणि रॉकेलवर विसंबते. त्याने समोरचे किडे मरतात, पण जमिनीतलं वारूळ तसंच राहतं, आणि रॉकेल लावलेली जमीन म्हणजे आगीला आमंत्रण. चौथं म्हणणं सर्वांत जुनं: ओल तोडा, हवा खेळती ठेवा आणि डोळा ठेवा. बाकी तिन्ही बाजू यालाच पहिली पायरी मानतात.

न सुटलेलं

तीन प्रश्न मोकळे आहेत. पहिला हवामानाचा. फ्लोअरिंगच्या डब्यावरच्या सूचना बहुधा बंद खिडक्यांच्या, हिवाळ्यात तापवलेल्या घरांसाठी लिहिलेल्या. ‘खोलीची आर्द्रता 40 ते 60 टक्के ठेवा’ हे न्यू जर्सीत यंत्र लावून जमतं. वळसंगात उघड्या दाराच्या घरात ते कुणी आणि कसं ठेवायचं? मग कडक पडद्याचा पीयू इथल्या वर्षभराच्या फुगण्या-आकसण्याला पुरतो की लवचीक तेल बरं, याचं उत्तर घरागणिक बदलतं.

दुसरा प्रश्न मातीच्या थराचा. माळवदाची माती उतरवून तक्ते उघडे करावेत म्हणणारे भूकंपात त्या मातीच्या वजनाचा धोका सांगतात. माती राखावी म्हणणारे तिचा गारवा सांगतात आणि तिने लाकडाला दिलेलं पांघरूण दाखवतात. दोघांचंही खरं आहे. निर्णय भिंती आणि तुळया पाहूनच होऊ शकतो.

तिसरा हातांचा. घासायचं यंत्र भाड्याने मिळतं, पण तुळईवर हातोडीची मूठ वाजवून आवाजावरून पोकळी ओळखणारा सुतार मिळणं अवघड होत चाललं आहे.

जे ठरलं आहे ते तेल-पॉलिशच्या वादाहून साधं आहे. लाकूड पाण्याने मरतं, आणि तेही वरून पुसलेल्या पाण्याने कमी, न दिसणाऱ्या गळतीने जास्त. म्हणून कामाचा क्रम वर्षाशी बांधावा. मृगाआधी छप्पर, मोरीचे सांधे आणि तुळयांची भिंतीतली टोकं पाहावीत. टोकात टोच्या सहज रुतला तर पॉलिशचा खर्च थांबवून आधी तुळई धरावी. पावसाळ्यात फक्त कोरडं झाडावं आणि वारा खेळता ठेवावा. तेल किंवा पॉलिशचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावं. आणि मे महिन्यात फट दिसली तर तिच्यात काही भरू नये. श्रावणापर्यंत थांबावं.